धुक्यातल्या बाजाराची भवानी

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि माणसांना त्याचे नवल वाटत नसे, डोंगरांच्या कुशीत एक खोरे होते. तिथली जमीनही बोलत असे. पेरणीची पहिली मूठ सुटली, की नांगराने ओढलेले तास हळूच विचारी, "किती देऊ?" सांगावे तेवढे पीक येई. मात्र तिला खोटे चालत नसे. मनात जेवढी खरी गरज, तेवढीच तिला ऐकू जाई.

खोऱ्याच्या खिंडीत बाजार भरे. इकडची ज्वारी तिकडे जाई, तिकडचे लोखंड, मीठ आणि नवे बियाणे इकडे येई. उतारावरची वावरेसुद्धा तेव्हा डोलत असत.

एके दिवशी राजा धनशेखराने गच्चीवरून पोत्यांच्या गाड्या खिंडीपलीकडे जाताना पाहिल्या.

"माझ्या राज्याची लक्ष्मी चालली," तो म्हणाला, आणि त्याने मांत्रिकाला बोलावले. "ही वाट बांध."

"बांधतो, महाराज. पण अडवलेले धान्य सोने होईल. आणि सोने रुजत नाही."

"होऊ दे!"

मांत्रिकाने शंख फुंकला. शंखातून धुके निघाले. बाजार जिथल्या तिथे निजला, आणि वाट बांधणारा मांत्रिकही धुक्याआडच राहिला. राजाच्या पेवात, जमिनीखालच्या त्या कोठारात, धान्याचे सोने झाले.

तेव्हापासून जमिनीने विचारावे, "किती देऊ?" आणि पेरणाऱ्याने सांगावे, "घरापुरतं." जास्तीचे घेऊन करायचे काय? उतार पडीक पडले. लोखंडी फाळ झिजले, नवे मिळेनात. लाकडी नांगर माती उकरीना, नुसता गोंजारी. तेच बी त्याच मातीत पडून पडून थकले. घरापुरते पीक अर्ध्या घरापुरते झाले. जमीन पेंगू लागली.

त्या खोऱ्यात गिरजा आणि तिचा नवरा म्हाळू राहत. त्यांचे एकच वावर होते. त्या सुगीला त्यात एक टोपलीभर टपोरी ज्वारी आणि एक टोपलीभर पोचट, एवढेच आले. खाल्ली तर पेरायला नाही, पेरली तर निजलेल्या मातीत रुजेल याचा भरवसा नाही. वावर कायमचे निजले, तर दोघांनी जायचे कुठे?

गिरजा बांधावर बसली होती. तिथे साळुंकी आली.

"गिरजे, बाजार मेला नाही, निजलाय. एक खरी भवानी झाली, की जागा होईल."

"भवानी म्हणजे?"

"दिवसाची पहिली विक्री गं! एवढंही विसरलात?"

गिरजा उठली. म्हाळू म्हणाला, "जायचं तर जा. पण टपोरी घरात राहू दे. परक्यांना पोचट चालते."

"आणि त्यांनी ओळखली तर?"

"धुक्यात दिसतंय कुणाला!"

गिरजाने पोचट ज्वारीची टोपली डोक्यावर घेतली आणि ती धुक्यात शिरली. धुके मऊ होते, पावलांना वाट लागत होती. ती सरळ चालत गेली, आणि आपल्याच अंगणात बाहेर पडली.

"आलीस पण? काय आणलंस?" म्हाळूने विचारले.

"तुमचीच अक्कल परत आणलीय. घ्या, ठेवा जपून."

मग तिने टपोरी ज्वारी घेतली. त्यातले बियाणे काढून पदराच्या गाठीत बांधले आणि उरलेली टोपली उचलली. या वेळी धुके दुभंगले, जशी झोपेत कुणी कूस बदलून जागा करून द्यावी.

आत बाजार निजला होता. तराजूंवर दव साचले होते. बैल निजले होते, त्यांच्या गळ्यातल्या घंटाही निजल्या होत्या. एक लोहार मांडीवर नवा फाळ घेऊन डुलक्या घेत होता. गिरजा त्याच्यासमोर बसली. तिने माप भरले आणि सवयीने वरून बोट फिरवून सपाट केले. कुणी हलले नाही.

मागोमाग येऊन तराजूवर बसलेली साळुंकी म्हणाली, "अगं, इथे घरातल्यासारखं मोजायचं नसतं. शीग राहू दे."

गिरजाने माप पुन्हा भरले, वर टोकदार शीग चढवली, आणि त्यावर आणखी एक पसा ओतला. दाणे घरंगळले. त्या आवाजाने लोहाराने डोळे उघडले.

"लाभ!" तो ओरडला. पहिल्या मापाला तिथे 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. "झाली बाई भवानी! पोरी, किती काळाने हा आवाज ऐकला. आमच्याकडे लोखंड रगड, पण पोरांना भाकरी मिळत नाही."

त्याने ज्वारी घेतली, फाळ दिला, आणि आपल्याकडची शीग म्हणून काळ्या मातीतल्या हरभऱ्याचे बी ओंजळभर दिले. चहूकडे घंटा किणकिणल्या. पण धुके उठले नाही.

दाढीत दव साचलेला मांत्रिक पुढे आला.

"पदराच्या गाठीत काय आहे?"

"बियाणं."

"ते मला दे. पेवातले सारे सोने तुझे."

त्याने हात हलवला, आणि धुक्यातून सोन्याचे दाणे पावसासारखे पडू लागले. गिरजाने ते पाहिले. फार सुंदर होते. तिने गाठ घट्ट धरली.

"बाजाराला पीक द्यावं, बी देऊ नये. बी दिलं, तर पुढच्या बाजाराला मी काय घेऊन येऊ?"

मांत्रिक हसला. "पुन्हा येईन म्हणणाऱ्याचीच मी वाट पाहत होतो, बाई. राजाने वाट बांधायला लावली, आणि मीही तिच्यात बांधला गेलो." त्याने शंख उलटा धरला. सारे धुके त्यात परत गेले.

म्हाळूने नांगराला फाळ बसवला. माती फुटली, खालचा ओलावा वर आला. गिरजाने पहिली मूठ सोडली. तासाने जांभई देत विचारले, "किती देऊ?"

"घरापुरतं," गिरजा म्हणाली, "पुढच्या पेरणीपुरतं, आणि लोहाराच्या पोरांच्या भाकरीपुरतं."

जमिनीने कूस बदलली आणि ती जागी झाली.

सुगीच्या वेळी राजा आला. ज्वारीत त्याचा घोडा दिसेनासा झाला होता.

"बाजार कोणी उघडला?"

"मी, महाराज."

"राज्याची लक्ष्मी बाहेर गेली."

"गेली, महाराज. आणि फाळ घेऊन परत आली."

राजाच्या मुठीत पेवातले सोन्याचे दाणे होते. ते सदैव त्याच्या मुठीत असत. त्याला मुठीत काहीतरी मऊ लागले. त्याने हात उघडला. सोन्याची ज्वारी झाली होती, आणि एका दाण्याला कोंब फुटला होता.

"आता याचे काय करू?" राजाने हळूच विचारले.

"कोंब आलाय तो पेरा," गिरजा म्हणाली. "बाकीची घेऊन बाजाराला या. पण टपोरीच आणा हं, महाराज. पोचट आणलीत, तर अंगणातच परत जाल."

राजा हसला. त्या दिवशी पेवाची तोंडे उघडली, आतल्या सोन्याचीही पुन्हा ज्वारी झाली होती, आणि गाड्या खिंडीकडे निघाल्या. त्या खोऱ्याचे माप शिगेला भरले, तसे ऐकणाऱ्यांचे भरो, आणि वरचा पसा शेजाऱ्याला जावो.