साळूने बीळ सोडलं नाही

खाडीच्या तोंडाशी तिवरांचं एक रान होतं. त्या रानात, बांधाच्या पोटाशी बीळ करून एक साळू राहत असे. तिच्या अंगावर काटे होतेच, पण मनात त्याहून जास्त होते. कुणी "बरी आहेस ना?" म्हणून विचारलं, तरी हा कुठून आला आणि कुठे निघालाय, हे ती आधी त्याच्या पायांकडे बघून ताडायची. पण बाळांनो, तिला लगेच नावं ठेवू नका. तिचं बीळ खोल होतं, कोरडं होतं, मागे खाडीकडे दुसरं दार होतं, आत खाण्यापुरते करांद्याचे कंद होते आणि नुकतीच झालेली दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून गवतासारखे मऊ. आणि त्या रानाची रीतच अशी होती, की रिकामं बीळ पहिल्या शिरणाऱ्याचं. मालक मागाहून येऊन दाराशी कितीही रडला, तरी त्याला कुणी दाद देत नसे.

ही रीत सशाला चांगलीच भोवली होती. मागे एकदा टिटवी ओरडत आली, की वादळ येतंय, सगळे डोंगरावरच्या सड्यावर, उंच कातळमाळावर चला. सगळे गेले, वाऱ्यात कुडकुडत बसले, आणि वादळ भलतीकडेच वळलं. ससा घरी येऊन बघतो तर त्याच्या बिळात कोल्हा तंगड्या पसरून झोपलेला. "मला वाटलं, तू कायमचाच गेलास," कोल्हा म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला. तेव्हापासून ससा झुडपाखाली राहू लागला आणि कोल्हा साळूचा शेजारी झाला, मध्ये फक्त एक ओहोळ. साळूचं बीळ त्या वेळी वाचलं, ते कोल्ह्याला सशाचं आधी सापडलं म्हणून. हे तिने मनाशी पक्कं बांधून ठेवलं होतं.

पिल्लं झाली, त्याच वर्षी भात पिवळं पडायच्या दिवसांत हवा अशी कोंडली, की पान हलेना. खाडीतल्या कुर्ल्या चिखल सोडून तिवरांच्या खोडांवर चढू लागल्या. टिटवी पुन्हा रानभर ओरडत फिरली. घरटी सोडा, बिळं सोडा, संध्याकाळच्या आत सड्यावर पोचा. ससा पहिला निघाला. ज्याचं घर आधीच गेलेलं, त्याला उठायला कितीसा वेळ लागणार? साळू मात्र बिळाच्या तोंडाशी बसून राहिली.

टिटवी खाली उतरली. "अगं, पिल्लं आहेत तुझी. निघत का नाहीस?"

"तुझं बरं आहे बाई," साळू म्हणाली. "तुझं घर म्हणजे उघड्यावरचे चार खडे. बसशील तिथे घर. मी गेल्यावर माझं बीळ कोण राखणार, तेवढं सांग, ही निघाले."

ओरडणं टिटवीचं काम होतं, राखणं नव्हतं. "नंतरचं नंतर बघू," म्हणाली आणि उडून गेली. नंतरचं नंतर कोण बघतं, ते साळूने सशाच्या वेळी पाहिलंच होतं.

तिची नजर ओहोळापलीकडे होती. कोल्हाही आपल्या बिळाच्या तोंडाशी बसला होता. आभाळ काळं होत चाललेलं, आणि हा शेपटी अंगाभोवती घेऊन आरामात. साळूने हाक घातली, "कोल्होबा, निघाला नाहीत अजून?"

"निघतोच आहे, साळूबाई. पण तुम्ही व्हा पुढे. लेकुरवाळ्या तुम्ही."

इतकं गोड बोलणं ऐकलं आणि साळूचे काटे ताठ झाले. हा माझ्या जाण्याचीच वाट बघतोय, तिने ओळखलं. खात्री करून घ्यावी म्हणून तिने पिल्लांना पुढे घातलं, कोल्ह्याला दिसेल अशी बांधावरून चालू लागली, आणि वळणावर करवंदीच्या जाळीमागे दबून बसली. थोड्याच वेळात कोल्हा उठला, ओहोळ ओलांडून आला, आणि मान लांब करून तिच्या बिळाकडे हुंगू लागला. झालं. साळू पिल्लांना घेऊन काटे खडखडवत धावत सुटली, ती त्यांना आत लोटून थेट बिळाच्या तोंडात जाऊन बसली. कोल्हा दचकून आपल्या बाजूला पळाला, आणि तिथून तोही तिच्याकडे टक लावून बसला. आता दोघांपैकी कुणीच हलेना.

वारा सुटला तेव्हाही साळू कोल्ह्याकडे बघत होती. पावसाचा पडदा आला, तेव्हा डोळे बारीक करून बघू लागली. "आई, पाय भिजले," आतून एक पिल्लू म्हणालं. "गप बस, तो अजून गेला नाही," साळू म्हणाली. मग थोरलं पिल्लू पोहत पोहत तिच्या पाठीशी आलं, तेव्हा कुठे तिने मागे वळून पाहिलं. ती समोरच्या दारावर पहारा देत होती, आणि खाडी मागच्या दाराने आत शिरली होती.

सड्याची वाट तोवर पाण्याखाली गेली होती. बांधावर एक कातळ तेवढा उघडा होता. साळू पिल्लांना ढकलत त्याच्यावर चढली. चढता चढता लाट आली आणि धाकटं निसटलं. साळूने किंकाळी फोडली, पण पोहत जावं तर थोरलं एकटं राहतं. एवढ्यात गढूळ पाण्यातून एक डोकं वर आलं. कोल्हा होता, आणि त्याच्या दातांत तिचं पिल्लू.

त्याने ते वाचवायला धरलं होतं की सवयीने, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्यालाही टेकायला तो एकच कातळ होता. तो कडेशी आला आणि थांबला. वर साळूचे काटे भाल्यांसारखे रोखलेले. तोंड उघडून बोलावं तर पिल्लू सुटतं. तो नुसता तिच्या काट्यांकडे बघत राहिला. पाणी त्याच्या गळ्याला लागलं.

साळूचं सगळं अंग नको म्हणत होतं. तरी तिने एकेक करून काटे आडवे केले. कोल्हा वर चढला, पिल्लू तिच्या पुढ्यात ठेवलं आणि शक्य तितका लांब जाऊन बसला. कातळ लहान होता, त्यामुळे फार लांब जाता आलं नाही.

साळूने धाकट्याला पोटाशी ओढून घेतलं. मग तिने विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?"

"तू गेली नाहीस म्हणून," कोल्हा म्हणाला. "तुझ्यासारखी खोदणारी मागे राहिल्यावर माझं बीळ राहील का? तू गेलीस असं वाटलं, म्हणून बघायला आलो. खरंच गेली असतीस, तर मीही निघालो असतो."

साळूला हे खरं वाटलं नाही. पण खोटं आहे असंही तिला ठामपणे म्हणता येईना.

पाणी ओसरल्यावर दोघं खाली उतरली. साळूच्या बिळात करांद्यांच्या जागी मासे तडफडत होते, कोल्ह्याच्या बिळात नुसता चिखल. रानाच्या रीतीप्रमाणे रिकामं बीळ पहिल्या शिरणाऱ्याचं, आणि पहिला शिरला होता समुद्र. सड्यावरून परतलेली मंडळी ते बघत उभी राहिली. मग सशाने सगळ्यांसमोर म्हटलं, की वादळात सोडलेलं बीळ इथून पुढे रिकामं समजायचं नाही. कुणी नाही म्हटलं नाही. कोल्ह्यानेही नाही.

पुढल्या खेपेला टिटवी ओरडली, तेव्हा साळू आणि कोल्हा लगेच निघाले, आणि सड्यापर्यंत अंगाला अंग लावून चालले. लोक म्हणाले, बघा, केवढा विश्वास. विश्वास कसला आलाय? दोघांना एकमेकांवर नजर ठेवायला तेच सोयीचं होतं. पण पोचली बाळांनो, दोघंही पोचली.

तात्पर्य : शेजाऱ्यावर डोळा ठेवून बसणाऱ्याला मागून येणारं पाणी दिसत नाही; आणि घर सोडा म्हणून सांगणाऱ्याने, ते घर मागे कोण राखणार, हे आधी सांगावं.