खणातली पट्टी

यंत्रांना अजून वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. येवल्यात शफीभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. तिथे काचेचा नंबर सांगणारं झकपक यंत्र होतं, काचेचा बाक मोजणारी काट्याची तबकडी होती आणि खणात पडलेली एक साधी पट्टी. थोर कोण, यावरून यंत्र आणि तबकडी रोज भांडत. पट्टीला कुणी विचारतही नसे.

एके दिवशी पैठणी विणणाऱ्या सुभद्राक्का आल्या. "शफीभाऊ, तुम्ही दिलेला चष्मा लावला की डोकं ठणकतं. मोराची मान दोनदा उकलावी लागली. असंच चाललं तर माग बंद करावा लागेल."

शफीभाईंनी चष्मा यंत्रात ठेवला. "नंबर तंतोतंत!" यंत्र गरजलं आणि त्याने दोन्ही काचांच्या मध्यावर शाईचा ठिपका उमटवला.

"बाकही बिनचूक!" तबकडी म्हणाली. "दोष बाईंच्या डोक्यातच असणार."

"मला जरा बाहेर काढा," खणातून पट्टी म्हणाली.

शफीभाईंनी ती ठिपक्यांवर ठेवली. अंतर भरलं अडुसष्ट मिलिमीटर. मग ती अक्कांच्या डोळ्यांसमोर धरली. दोन बाहुल्यांमधलं अंतर निघालं साठ.

शफीभाईंनी कपाळावर हात मारला. "अक्का, चूक माझी. काचेचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यायला हवा. घाईत तुमचं माप घ्यायचंच राहिलं. नव्या काचा बसवून देतो."

"एवढी साधी गोष्ट आम्हाला कशी कळली नाही?" तबकडी पुटपुटली.

"तुम्ही नुसती काच मोजलीत," पट्टी म्हणाली. "डोकं तर अक्कांचं दुखत होतं."