बोर्काने देऊन टाकलेली म्हण

खूप खूप दूर, जिथे उन्हाळ्यात सूर्यफुलांची शेतं आभाळाला टेकतात आणि घराघरांच्या भिंतींवर लालचुटूक मिरच्यांच्या माळा झुलतात, अशा हंगेरी देशात, तिसा नदीच्या काठी एक चिमुकलं गाव होतं. तिथे बोर्का नावाची नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर राहायची.

त्या गावाला म्हणींचं भारी वेड! पीठ मळताना म्हण, बदकं हाकताना म्हण, भांडण मिटवतानाही म्हणच. प्रत्येक स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीवर एक पांढरंशुभ्र कापड लावलेलं असे. त्यावर निळ्या दोऱ्याने फुलं, पाखरं आणि मधोमध त्या घराची लाडकी म्हण भरलेली. ही कापडं भरायची बोर्काची आई, रोझा. तिची अक्षरं इतकी टपोरी, इतकी गोड, की वाचता न येणारी माणसंही त्यांच्यावरून मायेने बोट फिरवायची. बदल्यात कुणी अंडी द्यायचं, कुणी मुरांबा.

पण त्या हिवाळ्यात आईला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना डोळ्यांतला उजेड घेऊन गेला. आईला नुसतं धुरकट दिसू लागलं. सुई थांबली, चूल थंडावली. गिरणीवाले अंद्राश बाची अधूनमधून पिठाची पिशवी दारात ठेवून जायचे, म्हणून दोघींना घासभर मिळायचं. (बाची म्हणजे आपल्याकडचे काका, आणि नेनी म्हणजे काकू.)

"बोर्का, बाळ, आज ऊन कसं आहे गं?" आई विचारायची.

"लोण्यासारखं पिवळं आहे, आई," बोर्का सांगायची आणि हळूच डोळे पुसायची.

वसंत आला. नदीकाठची आलुबुखाराची बाग पांढऱ्या फुलांनी डवरली. बोर्का तिथे काटक्या वेचायला गेली, तर एका फांदीवर काहीतरी लुकलुकताना दिसलं. कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी अडकली होती! बोटाएवढी, गुलाबी झग्यातली, पंख दवासारखे चमचमणारे.

"हलू नकोस हं," बोर्का म्हणाली. तिने फ्रॉकला खोचलेली सुई काढली आणि एकेक तंतू अलगद सोडवला, असा की परीचा पंख फाटला नाही आणि कोळ्याचं जाळंही मोडलं नाही.

परी भुर्रकन तिच्या तळहातावर उतरली. "कोळ्याचीसुद्धा काळजी घेतलीस! तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण माझे नियम नीट ऐक. एका इच्छेला एक म्हण द्यावी लागते. दिलेली म्हण गावातल्या सगळ्यांच्या ओठांवरून आणि सगळ्या कापडांवरून पुसली जाते. ती परत कधीच येत नाही, दुसरी इच्छा खर्चूनही नाही. आणि या बागेतलं शेवटचं फूल गळेपर्यंतच इच्छा मागता येतील."

बोर्का विचारात पडली. भाकरीवरची म्हण? छे, ती तर अख्खं गाव म्हणतं. शेजाऱ्यांवरची? तीही दहा घरांत आहे. मग तिला एक म्हण आठवली. चुलीबद्दलची ती म्हण तिने एकट्या अंद्राश बाचींच्याच तोंडून ऐकली होती. एकच तर माणूस म्हणतो, असं कितीसं बिघडणार?

तिने ती म्हण परीच्या कानात सांगितली. शब्दांचा एक सोनेरी मणी झाला, परीने तो मुठीत घेतला आणि बोर्काच्या डोक्यातून ती म्हण फुर्र झाली!

"आता माग."

"माझ्या आईला पुन्हा दिसू दे."

बोर्का धावत घरी आली, तर आई दारात उभी. "बोर्का! अगं, तुझ्या नाकावर हे ठिपके कधी आले?" दोघी हसल्या, रडल्या, अंगणात गोल गोल नाचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्का ही आनंदाची बातमी सांगायला गिरणीवर गेली. पाण्याचं चाक फिरत होतं, पण अंद्राश बाची स्वयंपाकघरात गप्प बसले होते. समोरच्या कापडावर निळी फुलं होती, निळी पाखरं होती. मधली जागा मात्र कोरी.

"ये गं पोरी," ते म्हणाले. "माझी इलोना जाऊन सहा वर्षं झाली. मी गिरणीतून आलो की ती दारात काहीतरी म्हणायची. ती गेल्यावर मीच रोज ते म्हणायचो. वाटायचं, ती आतच आहे. आज तोंड उघडलं आणि शब्दच नाहीत. एकही नाही."

बोर्काला आपली चूक कळली. ती तडक बागेकडे पळाली.

"परी, त्यांची म्हण परत दे ना!"

"नियम म्हणजे नियम, सोनुली," परी हळुवार म्हणाली. "पण तुझ्या दोन इच्छा उरल्यात. आणखी एक म्हण दे, मी त्यांचं दुःखच विसरायला लावते."

"आणि ती म्हण कुणाची असेल?"

परीने गावातल्या घरांकडे पाहिलं. बोर्काने मान हलवली. "नको. आता कुणाचंच काही नको."

ती जड पावलांनी गिरणीवर परतली आणि तिने सगळं खरं सांगून टाकलं.

"आईला नीट दिसतं ना आता?" अंद्राश बाचींनी विचारलं.

"हो. नाकावरचे ठिपकेही."

"मग इलोनाने स्वतःच्या हाताने दिली असती ती म्हण." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बोर्का त्यांच्या शेजारी बसली. "बाची, इलोना नेनी कशा होत्या? तुम्ही दारात आलात की काय करायच्या?"

ते जरासे हसले. "करणार काय! माझे केस पिठाने पांढरेफटक. ती मला उंबऱ्यावरच अडवायची. आतून सुपाचा वास यायचा, आणि ही केस झटकल्याशिवाय आत घ्यायची नाही!"

बोर्काने ते कापड घरी नेलं. आईने पेन्सिलने अक्षरं काढून दिली. "मी भरू का? लवकर होईल," आई म्हणाली. पण बोर्का ऐकेना. तीन दिवस ती खिडकीच्या उजेडात बसून राहिली. बोटं टोचली, दोऱ्याचा गुंता झाला, दोन अक्षरं उसवून पुन्हा भरली. चौथ्या दिवशी तिने ते कापड अंद्राश बाचींच्या चुलीमागे लावलं. अक्षरं जराशी वाकडी होती:

'अंद्राश, आधी केस झटक, मग ये. सूप गरम आहे.'

बाचींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते मुकाट्याने दाराबाहेर गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी केस असे झटकले, असे झटकले, की अंगणात पिठाचा ढगच झाला! हसता हसता त्यांच्या गालांवर पिठाचे ओघळ उतरले. "अगदी अशीच बोलायची ती," ते म्हणाले, "अगदी अशीच!"

त्या दुपारी बागेत शेवटचं एकच फूल उरलं होतं. त्याच्यावर परी बसली होती.

"तुझ्या दोन इच्छा?" तिने विचारलं.

"तुझ्या तुलाच राहू देत," बोर्का म्हणाली. "आम्हाला आता काही कमी नाही."

परी इतकी गोड हसली की झाडं उजळली. "न मागितलेल्या इच्छांना नियम नसतात, माहीत आहे? त्यांचं मी हवं ते करते." तिने बोर्काच्या टोचलेल्या बोटांवर ओठ टेकले. "ज्याला जे शब्द हवे असतील, ते तुझ्या या बोटांना सापडतील. फक्त आधी त्याचं सगळं ऐकून घे, त्या दिवशी गिरणीवर घेतलंस तसं."

फूल गळालं. ते जमिनीला टेकायच्या आत परी उजेड होऊन गेली. गुलाबी, सोनेरी, मोतिया उजेड! तो गवतावरून घरंगळत नदीपर्यंत गेला आणि पाण्यावर लखलखत दूर दूर निघून गेला.

पुढे सात गावांची माणसं बोर्काकडे येऊ लागली. कुणाला पाळण्यासाठी चार शब्द हवे असत, कुणाला रुसलेल्या भावासाठी. आई गरमागरम पाव कापून द्यायची. आणि बोर्का? सुईत दोरा ओवण्याआधी ती पाहुण्याला खुर्ची द्यायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "हं, आता सांगा. अगदी पहिल्यापासून."