वेग वाढवणारे मदतनीस

घरातल्या टेलिफोनला अजून वायर होती, त्या काळातली गोष्ट. शरयू सबनीस यांच्याकडे एक भित्रा संगणक होता. शरयूताई त्यावर भरतकामाचे नमुने काढत. एकदा एक नमुना उघडायला जरा उशीर झाला, तसा संगणक घाबरला आणि त्याने वेग वाढवायला एक मदतनीस प्रोग्राम ठेवून घेतला.

मदतनीस आल्याआल्या म्हणाला, "आधी तुमची तपासणी करतो." त्या तपासणीने संगणक आणखीच मंदावला. म्हणून त्याने दुसरा मदतनीस आणला. दुसरा पहिल्यालाच तपासत बसला. तिसऱ्याला त्या दोघांचाही संशय आला. आत इतकी गर्दी झाली, की शरयूताईंनी काढलेला मोराचा तुरा पडद्यावर उमटेपर्यंत त्यांची कणीक मळून व्हायची.

"उद्या याला भंगारात देते!" त्या वैतागून म्हणाल्या.

संगणकाची पाचावर धारण बसली. "अहो, वाचवा मला!" त्याने मदतनिसांना विनवलं.

"वाचवतो की," पहिला म्हणाला, "पण आधी आम्हाला एकमेकांची झडती घेऊ द्या."

संगणकाला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला. "चालते व्हा सगळे!"

"आम्ही गेल्यावर तुम्ही मंद का, हे शोधणार कोण?"

संगणकाने तिघांनाही बाहेर काढलं. शरयूताईंनी सहज बटण दाबलं आणि अख्खा मोर पिसारा फुलवून क्षणात समोर उभा राहिला.

"अगं बाई!" म्हणत त्या खुर्चीतच मागे सरकल्या.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या दमलेल्या संगणकाला अदबशीर आवाज ऐकू आला, "नमस्कार, आम्ही तिघं मदतीला आलोय."