जोतिराम का पडला?

पंचगंगेच्या काठी एक शहर आहे. तिथे फुटबॉलच्या सामन्यावर पेठेची अब्रू तोलली जाते. त्या शहरात एकदा एक वृद्ध वस्ताद होते. तरुणपणी ते वरच्या तालमीचे गोलरक्षक होते. पुढे गुडघे थकले, तेव्हा त्यांनी मुरगळलेले पाय आणि निखळलेले खांदे बसवण्याची विद्या हाती घेतली. हाडाचे दुखणे हाताने ओळखावे, आणि जिथे आपला हात थांबतो तिथून माणसाला विनाविलंब डॉक्टरकडे धाडावे, असा त्यांचा दंडक होता. ही विद्या त्यांनी मनापासून एकाच शिष्याला दिली. त्याचे नाव दिग्विजय सावेकर. वय सत्तावीस, हात हलका, जीभ मात्र तिखट. वरच्या तालमीचा संघ मैदानात उतरला की औषधांची पेटी घेऊन तो रेषेबाहेर बाकावर बसे.

त्या वर्षी अंतिम सामन्यात वरची तालीम आणि खालची तालीम समोरासमोर आल्या. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात खालच्या तालमीने गोल केला. करणारा होता जोतिराम चौगले. चेंडू पायाला बांधल्यासारखा नेणारा खेळाडू, अशी त्याची ख्याती होती. पण त्याची आणखीही एक ख्याती होती. उपांत्य सामन्यात आपला संघ पुढे असताना तो पाय धरून तीन मिनिटे लोळला होता, आणि खेळ सुरू होताच हरणासारखा धावला होता. त्यावर सारे शहर आठवडाभर हसत होते.

सामना संपायला बारा मिनिटे उरली होती. वरच्या तालमीच्या बाकासमोर, रेषेपासून पंधरा पावलांवर, जोतिराम चालता चालता थांबला. त्याने पोटाशी हात नेला, खाली बसला आणि कुशीवर कलंडला. त्याच्या जवळपास कुणीही नव्हते.

गॅलरी एकदम उसळली.

"झालं सुरू ह्याचं!"

"आरं, वारा लागला काय रं त्याला?"

"घड्याळ बघा, घड्याळ! बरोबर वेळेला पडलाय."

पहिल्या रांगेत एक गूळव्यापारी बसत असत. पंचवीस वर्षांत त्यांनी एकही सामना चुकवला नव्हता, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. ते शांतपणे म्हणाले, "कुणी हात लावला नाही, पाय लावला नाही. मग माणूस पडेल कशाला? नाटक आहे हे." त्यांचे वाक्य रांगेरांगेने वर चढत गेले आणि शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्याची आरोळी झाली, "नाटक! नाटक!"

खालच्या तालमीच्या बाजूने वेगळाच सूर निघाला. "मागनं मारलंय त्याला!" "कुणी मारलंय? दाखवा की!" दोन्हीकडची माणसे उठून उभी राहिली. जो तो हातवारे करून आपण काय पाहिले ते सांगत होता.

इतक्यात जोतिरामचा स्वतःचा कर्णधार त्याच्यापाशी आला, वाकला आणि गलक्यात ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हणाला, "झकास. दोन मिनिटं असाच राहा." त्याने जोतिरामच्या पाठीवर थाप मारली आणि तो आपल्या जागी निघून गेला. त्यांच्या संघाचा मदतनीस पाण्याची बाटली घेऊन पलीकडच्या बाजूने रमतगमत निघाला. पंचही आले आणि "ऊठ, ऊठ" असे म्हणून घड्याळाकडे पाहत उभे राहिले.

कर्णधाराचे शब्द दिग्विजयने ऐकले होते. त्याचा संताप अनावर झाला. गोल फेडायला बारा मिनिटे, आणि त्यातली ही अशी वाया चालली! तोही बाकावरून ओरडला, "ऊठ की आता! सिनेमात जा त्यापेक्षा!"

वस्ताद गॅलरीच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसले होते. ते उभे राहिले आणि त्यांनी दिग्विजयला हाताने खूण केली : त्याच्याकडे जा. दिग्विजयने खूण पाहिली. त्याने तळहात हलवून उत्तर दिले : काही नाही, नाटक आहे. वस्तादांनी पुन्हा खूण केली. दिग्विजयने मान फिरवली.

मग वस्ताद स्वतः निघाले. थकलेल्या गुडघ्यांनी, उभ्या गर्दीतून वाट काढत, एकेक पायरी उतरत. त्यांना खाली पोहोचायला चार मिनिटे लागली. तोवर मदतनीस तोंडावर पाणी मारून बाजूला झाला होता, जोतिराम तसाच पडून होता, आणि आरोळी तशीच चालू होती.

वस्ताद त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार आणि घामाने निथळलेले होते. ओठ पांढरे पडले होते.

"कुठं दुखतंय, बाळ?"

"खांदा..." जोतिराम पुटपुटला. "डावा खांदा."

हात पोटाशी, आणि दुखतोय म्हणे खांदा! बाजूला उभे असलेले दोघेतिघे हसले. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी डाव्या बरगडीखाली दोन बोटे अलगद टेकवली. पोट लाकडासारखे घट्ट झाले होते.

"मघाशी कुणाचा गुडघा लागला होता तुला?"

जोतिरामने डोळ्यांनीच होकार दिला. वीस मिनिटांपूर्वी उंच चेंडूसाठी दोघे एकदम उडाले होते. वरच्या तालमीच्या बचावपटूचा गुडघा त्याच्या बरगडीत बसला होता. जोतिराम लगेच उठून धावला होता, म्हणून ती धडक कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती.

वस्तादांचा आवाज मैदानभर घुमला. "गाडी आणा! आत रक्त सुटलंय ह्याला!"

फाटकापाशी उभी असलेली रुग्णवाहिका आत आली. जोतिरामला उचलताना त्याची मान एका बाजूला लुळी पडली, आणि तेव्हा कुठे ती आरोळी थांबली. सामना तिथेच थांबवण्यात आला.

संध्याकाळी वरच्या तालमीच्या अंगणात पन्नासेक माणसे जमली. घरी जावे असे कुणालाच वाटत नव्हते. दवाखान्यातून पहिला फोन आला तो असा : "ऑपरेशनला आत नेलंय. रक्तदाब लागत नाही म्हणतायत." त्यानंतर बराच वेळ फोन आला नाही. कुणाच्याही खिशात फोन वाजला की दिग्विजय त्याच्या तोंडाकडे पाहू लागे. तो भिंतीला टेकून उभा होता. पंधरा पावले, पंधरा पावले, एवढेच त्याच्या मनात फिरत होते.

माणसे भ्याली की गप्प बसत नाहीत, वाद घालतात. अंगणातही तेच झाले.

"आपल्या पोराचा काय दोष? चेंडूवरच उडाला होता तो."

"दोष त्यांच्या कर्णधाराचा. पडून राहा म्हणाला!"

"आणि पंच काय करत होते?"

गूळव्यापारी म्हणाले, "खरं सांगू? दोष जोतिरामचाच. मागच्या सामन्यात लोळला नसता, तर आज कुणी नाटक म्हटलं नसतं." हे पुष्कळांना पटले. ज्यांनी आरोळी दिली होती, त्यांना तर ते फारच पटले. पण वाद मिटेना, तेव्हा सगळे वस्तादांकडे वळले. "वस्ताद, तुम्ही सांगा. दोष कुणाचा?"

वस्ताद अंगणाच्या मध्ये खुर्चीवर बसले होते. ते उठले. उत्तर देण्याऐवजी हळूहळू खाली वाकले, फरशीवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

सगळे चमकले. सभोवती कडे धरून उभे राहिले.

"वस्ताद? काय झालं?"

"चक्कर आली असंल. उन्हात किती पायऱ्या उतरले."

"छे! आता तर धड बोलत होते."

"थट्टा करतायत आपली. बघा, ओठ हलतोय."

"ह्या वयात थट्टा? डॉक्टरला बोलवा कुणीतरी."

"आधी बघू तरी, खरंच काही झालंय का."

दिग्विजय गर्दीतून पुढे आला. वस्तादांच्या शिकवण्याच्या तऱ्हा त्याला ठाऊक होत्या. त्यांना पाहताच त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच : नाटक आहे. आणि तो विचार मनात किती सहज, किती तयार होऊन आला, हे त्याला जाणवले. दुपारीही तो असाच आला होता.

तो मटकन खाली बसला. त्याने वस्तादांचा हात हातात घेऊन नाडी धरली. त्याने विचारले, "वस्ताद, कुठं दुखतंय?"

वस्तादांनी डोळे उघडले. "कुठंच नाही, बाळ. मी बरा आहे."

गर्दीने सुटकेचा श्वास सोडला, आणि पाठोपाठ नाराजीही उमटली. गूळव्यापारी म्हणाले, "म्हणजे वस्ताद, तुम्ही नाटकच केलंत की!"

"केलं," वस्ताद उठून बसत म्हणाले. "मी नाटक केलं आणि दिग्विजय फसला. त्याचं काय गेलं? गुडघ्याला जरा धूळ लागली. दुपारी जोतिरामनं नाटक केलं नव्हतं. आपण फसायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आपण फसलो नाही. जोतिरामचं काय जाईल, हे ह्या घटकेला डॉक्टरलाही सांगता येत नाही."

वस्तादांनी हाताची धूळ झटकली.

"तुम्ही मला विचारता, दोष कुणाचा. तो का पडला ह्यावर तिथे हजारो माणसं बोलत होती. प्रत्येकाकडे उत्तर होतं. कुठं दुखतंय, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि ते ठाऊक असलेला माणूस तो एकटाच होता. उभ्यानं वाद घालता येतो. दुखणं विचारायला खाली बसावं लागतं. तो मागच्या सामन्यात खोटा पडला होता हे खरं. पण एकदा खोटं पडलेल्या माणसाला पुढं खरं दुखणारच नाही, असा काही नियम नाही. मीसुद्धा पहिल्याच मिनिटाला उठायला हवं होतं. मीही दोन-तीन मिनिटं बसून पाहत होतो, उठतोय का म्हणून."

हे शेवटचे वाक्य वस्तादांनी अगदी हळू उच्चारले. दिग्विजयने ते ऐकले. कुणालाही न सांगता तो अंगणाबाहेर पडला.

दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर जोतिरामचे वडील बाकावर बसले होते. दिग्विजयच्या अंगात अजून वरच्या तालमीचाच शर्ट होता. त्यांनी शर्टाकडे पाहिले, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"काका," दिग्विजय म्हणाला, "मी जवळच होतो. औषधांची पेटी माझ्याकडं होती. वस्तादांनी खूणही केली. मी गेलो नाही."

म्हाताऱ्याने खांद्यावरचा टॉवेल चेहऱ्यावरून फिरवला. राग करण्याइतकेही बळ त्याच्यात उरले नसावे. तो बाकावर थोडा सरकला आणि म्हणाला, "मला एकट्याला भ्या वाटतंय. बस हितं."

दोघे बसून राहिले. तासाभराने दार उघडले. डॉक्टर म्हणाले, "डाव्या बरगडीखालची प्लीहा फुटली होती, म्हणूनच खांद्यात दुखत होतं. ती काढावी लागली. पुष्कळ रक्त गेलंय, आजची रात्र काळजीची आहे. पण वाचेल असं वाटतं. आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. दिग्विजयने ते मनात पुरे केले, आणि पुढेही अनेक दिवस तो ते पुरे करत राहिला.

जोतिराम वाचला. त्या हंगामात आणि पुढच्या हंगामात तो मैदानाबाहेरच राहिला. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा तो पुन्हा खेळू लागला. पूर्वीइतका वेगवान नव्हे, पण चेंडू अजून त्याचे ऐके.

त्याच वर्षीची गोष्ट. वरच्या तालमीचा सामना एका तिसऱ्याच संघाशी होता. शेवटची काही मिनिटे उरली होती, तालीम एका गोलने मागे होती, आणि समोरच्या संघाचा एक खेळाडू पाय धरून कोसळला. गॅलरीतून ओळखीची आरोळी उठली. ती पुरती उठायच्या आत दिग्विजय पंचांची परवानगी मागत, पेटी घेऊन, धावत त्याच्याजवळ पोहोचला होता. तो गुडघे टेकून बसला आणि त्याने विचारले, "कुठं दुखतंय?"

खेळाडूने एक डोळा उघडला, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच मिचकावला.

दिग्विजयने तरीही त्याचा पाय हातात घेतला, घोटा फिरवून पाहिला, गुडघा दाबून पाहिला, बरगड्यांखाली बोटे टेकवून पाहिली. सगळे ठीक होते. मग तो उठून परत आला. वेळ वाया गेला म्हणून वरच्या तालमीचे गडी चिडले होते. गॅलरीतून कुणीतरी मोठ्याने ओरडले, "फसवलं की रं तुला!"

दिग्विजय बाकावर बसला. पेटीचे झाकण लावता लावता तो म्हणाला, "फसलो तर फसलो. चालतंय की."