दोराचं वरचं टोक

"मग आता मी पोचलेला म्हणायचं का, बाबा?"

लहानूनं विचारलं आणि छाती काढून बसला. आग्या मोहळाचा मध काढायला कड्यावरून दोरानं उतरणारा गडी तो. आपली फुशारकी सांगायला माणसाला फकीरच का लागतो, देव जाणे.

नूरबाबा पीराच्या चौथऱ्यावर वाकळ शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "सपनात काय झालं म्हणालास?"

"कड्याला लोंबकळतोय. खाली दरी, अंगभर माश्या. पण भीती... नावाला न्हाई! सपनात कुणाला सोंग करता येत न्हाई, बाबा. भीती मुळासकट गेली."

"बरं झालं की."

"म्हणून उद्यापास्नं दोर धरायला चिंधू मेव्हणा नको. दोर झाडाला बांधणार नि एकटा उतरणार. तुम्ही फक्त डोक्यावर हात ठेवा."

बाबांची सुई थांबली.

उतरणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानंच धरायचा, ही तिकडची रीत. सख्खा भाऊ एखाद वेळी बांधाच्या भांडणापायी हात ढिला सोडेल. बहिणीचं कुंकू कोण सोडतो?

"चिंधूनं काय घोडं मारलं तुझं?"

"भित्रं हाय हो ते! लोंबकळतो मी, नि घाम फुटतो त्याला. वर येऊन बघावं तर हात लटलटा कापतायत. सांजंपर्यंत भाकरीचा तुकडा मोडता येत न्हाई. गाव हसतंय."

"सपनात वर बघितलंस?"

"कशाला बघू?"

"कोण होतं वर?"

"चिंध्याच असणार. दुसरं कोण..."

लहानूचा हात शेजारच्या दोराच्या वेटोळ्याकडं गेला.

"दोर दे इकडं."

लहानूनं कमरेला बांधायचं टोक पुढं केलं. बाबांनी ते बाजूला सारलं आणि दुसरं ओढून घेतलं. तिथला वाखाचा पीळ घामानं काळा पडला होता. मधे मधे रक्त वाळलेलं. इतकी वर्षं दोर वापरला, पण हे टोक लहानूनं कधी हातात धरलं नव्हतं. त्याचं काय काम होतं तिथं?

बाबांनी ते टोक कपाळाला लावलं.

लहानूनं दोर मागून घेतला, काळ्या वाखावरनं अंगठा फिरवला. हलकेच, दुखेल म्हणून. डोळे भरून आले ते त्यानं पुसलेही नाहीत.

"बाबा... मग माझी भीती गेली कुठं?"

बाबांनी सुईत दोरा ओवला.

"आज त्याची भाकरी तू मोडून दे. मग विचार."