भाळावरची माती

“माती कधी लावणार, वस्ताद?”

मौलाली वस्तादांनी मान वर केली नाही. हौद्यातली लाल माती ते फावड्यानं परतत होते.

“आला का?” त्यांनी उलट विचारलं.

“कोण?”

वस्तादांनी फावडं पुन्हा मातीत घातलं.

जोतिरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच तळपायाची म्हणा. दुसरा त्याच्या सासऱ्यांनी खिंडीखाली खड्डा करून पुरला होता.

हे रोजचंच झालं होतं. यानं विचारायचं माती कधी लावणार, आणि म्हाताऱ्यानं विचारायचं आला का. कोण आला का, कुठून आला का, काही सांगेल तर शपथ. वॉर्डातले म्हणायचे, वस्तादांचं वय झालंय, मनावर घेऊ नको. जोतिराम घ्यायचाच. एवढी नाकावर माशी बसू न देणारी माणसं मनावर घेणार नाहीत तर काय करतील!

आता ही माती लावायची भानगड काय, ते आधी सांगायला हवं.

पठारावर पवनचक्क्यांची रांग जिथं संपते आणि पुढं नुसता वारा उरतो, तिथं क्षयरोग्यांचा एक जुना दवाखाना होता. सरकारनं त्यात अपघात प्रतिबंध आणि पुनर्वसन मंडळाचं केंद्र थाटलं. मंडळाची माणसं गावोगावच्या कारखान्यांत हिंडून अपघात कसे टाळावेत ते शिकवायची. ज्यांचे टळले नाहीत, त्यांना इथं आणून पुन्हा उभं करायची. इथं डॉक्टर होते, व्यायाम करून घेणाऱ्या बाई होत्या, लाकडाचे आणि रबराचे पाय बनवणारे कारागीर होते. आणि पडायला शिकवायला मौलाली वस्ताद होते.

हसू नका. नवा पाय लावलेला माणूस पडतोच, आणि ताठ पडला तर उरलंसुरलंही मोडून घेतो. म्हणून केंद्राच्या साहेबांनी डोकं लढवून एका जुन्या पैलवानाला नोकरीवर घेतलं आणि मागच्या अंगणात कुस्तीचा हौदा खणवला. ताक, तेल, हळद घालून वस्तादांनी माती लोण्यासारखी मऊ केली. मान आत घे, खांदा सोड, मातीला आपली म्हण, एवढंच ते शिकवायचे. शिकणारा तयार झाला, की हौद्यातली चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावायचे. ती लागली की ऑफिसात कागद तयार. ती लागली नसेल, तर डॉक्टरांनी हो म्हणूनही साहेब कुणाला सोडत नसत.

साहेब उगाच अडून बसत नव्हते. पूर्वी सर्जेराव नावाचा एक विहिरी खोदणारा इथं होता. गडी जवळजवळ तयार झालेला. पण घरची ओढ लागली, लहान पोरासारखा रडायला लागला, तेव्हा वस्तादांना दया आली आणि त्यांनी माती लावली. घरी गेल्यावर पहिल्याच पहाटे गोठ्यात वासरू हंबरलं. सर्जेराव अर्धवट झोपेत उठला आणि जो पाय नव्हता, तोच पुढं टाकून ओट्यावरून उतरला. खाली जनावरांच्या पाण्याची दगडी डोण होती.

वस्ताद त्याच्या मयताला जाऊन आले. त्या दिवसापासून त्यांनी दया करणं सोडलं.

जोतिरामला ही गोष्ट ठाऊक होती. पण आपण काही सर्जेराव नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

जोतिराम येडगे पठारावरच्याच धनगरवाड्यातला. पवनचक्कीच्या टॉवरवर चढून यंत्राची देखभाल करणारा. टॉवरच्या आत सरळ उभी लोखंडी शिडी असते. कमरेच्या पट्ट्याला दोन हूक असतात, आणि चढताना त्यातला एक तरी कायम शिडीत अडकलेला पाहिजे, असा दंडक. जोतिराम दोन्ही हूक कमरेला लोंबकळत ठेवून चढायचा. बैलाच्या घुंगरांसारखे ते वाजायचे, आणि खालची माणसं तोंड वर करून बघत राहायची. मंडळाचा माणूस एकदा शिकवायला आला, तेव्हा यानं त्याच्या देखत तसंच चढून दाखवलं होतं.

मग एक दिवस पडला. वारा आला म्हणून पडलो, असं तो सांगायचा. टॉवरच्या आत कसला वारा येतो, ते कुणी विचारलं नाही.

डावा पाय गुडघ्याखाली गेला. पण माणूस जिद्दीचा. नवा पाय लावून चालायला लागला, जिना चढायला लागला, अंगणातल्या दोरावरून वर जायला लागला. लुंगी नेसून उभा राहिला तर कोणता पाय खरा, ते कळू नये. हौद्यात मात्र तो मनातून कधी पडला नाही. वस्ताद म्हणतात म्हणून पडायचा, दात खाऊन, आणि पडताना आभाळाकडं बघायचा.

आता कंपनीच्या सुपरवायझरचा फोन आला होता. टॉवरवर नवा माणूस घ्यायचं चाललंय, लवकर कागद घेऊन ये, नाहीतर तुला गेटवर बसवतील, असं त्यानं सांगितलं होतं. गेटवर शिट्टी घेऊन बसायचं, आणि दुसरा कुणी आपल्या शिडीनं वर जाताना बघायचं! त्यापेक्षा त्या दिवशी मेलो असतो तर बरं झालं असतं, असं जोतिराम बायकोला म्हणाला. ती बिचारी फोनवर रडली.

आणि एक गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती.

तो पाय परत यायचा.

दुपारी जरा डोळा लागला, की गुडघ्याखाली हळूहळू ऊब भरायची. मग पोटरी यायची, मग घोटा, मग एकेक करून बोटं. मग तो पाय चढायला लागायचा. लोखंडी पायरीचा गारवा तळव्याला लागायचा, पुन्हा वरची पायरी, पुन्हा गारवा. जोतिराम घामाघूम होऊन उठायचा आणि चादर बाजूला करून बघायचा. काही नसायचं. पण खालच्या रिकाम्या चादरीवर हात ठेवला, तर ती गार लागायची.

हे डॉक्टरांना कळलं तर कागद मिळणार नाही. म्हणून तोंडाला कुलूप.

त्या दुपारी धुकं उतरलं. पठारावरचं धुकं बेताचं नसतं, ते आलं की माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. पवनचक्क्या केव्हाच दिसेनाशा झाल्या. नुसती पाती ऐकू येत राहिली… हूंऽऽ… हूंऽऽ… जवळच कुणीतरी मोठं झोपलेलं असावं तशी.

जोतिराम आज सोक्षमोक्ष लावायच्या तयारीनंच, नियमापुरती धरलेली कुबडी घेऊन, हौद्यावर आला. वस्तादांनी फळी फिरवून माती सपाट केली होती. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. ते पलीकडच्या काठावर उभे होते.

“आला का?”

“वस्ताद, कोण आला का? आज सांगाच.”

“तुझा पाय.”

जोतिरामनं नजर मातीकडं वळवली. म्हाताऱ्याला कुणी सांगितलं? सांगणार कोण, कुणाला माहीतच नव्हतं.

“न्हाय,” तो म्हणाला. “मेलेला पाय कशाला येतोय?”

“कधीच न्हाय?”

“कधीच न्हाय.”

वस्ताद खाली वाकले आणि त्यांनी मूठभर माती उचलली.

“कपाळाला लावायची ना? ये मग हिकडं. पाय काढून ठेव. कुबडी पण तिथंच राहू दे.”

“मग येऊ कसा?”

“तुझं तू बघ.”

जोतिरामला हसू आलं. एवढंच? लंगडी घालत जाईन, लोळत जाईन, हातावर जाईन. पडलो तरी मऊ माती. त्यानं पट्टे सोडले, लाकडाचा पाय काढून काठावर आडवा ठेवला, कुबडी त्याच्या शेजारी ठेवली आणि हौद्याच्या कडेला बसला.

तेवढ्यात धुकं आणखी दाटलं. पलीकडचे वस्ताद दिसेनासे झाले.

“वस्ताद?”

“हाय इथंच.”

आवाज मात्र लांबून आल्यासारखा वाटला. जोतिराम थांबला… काहीतरी बदललं होतं. मग त्याच्या ध्यानात आलं. पात्यांच्या आवाजात एक शीळ मिसळली होती. ही शीळ त्यानं झोपेतही ओळखली असती. तो ज्या टॉवरवरून पडला, त्याच्या एका पात्याला बारीक चीर होती, आणि ते फिरताना अशी शीळ घालायचं. पण तो टॉवर तर अपघात झाला तेव्हापासून बंद होता.

शीळ वाढत गेली. आणि तिच्या खाली दुसरा एक आवाज यायला लागला. खण्… खण्… लोखंडी शिडीवर कुणीतरी चढत होतं. कमरेला हूक वाजत होते.

“वस्ताद, कोण चढतंय ते?”

“तूच सांग.”

“माझा टॉवर हाय त्यो.”

“मग?”

“माझा हाय!”

जोतिरामचं रक्त उसळलं. आपली जागा, आपली शिडी, आणि आपल्यासारखेच हूक वाजवत कुणीतरी बिनदिक्कत वर चाललंय! त्याला काही सुचेना. कागद, माती, म्हातारा, सगळं डोक्यातून गेलं. तो उठला आणि आवाजाच्या रोखानं तरातरा निघाला.

माती गार होती. बोटांच्या मधून वर येत होती. त्याला ते जाणवलं, आणि बरंही वाटलं.

वस्तादांच्या छातीवर हात आपटला तेव्हा तो थांबला. शीळ बंद. शिडीचा आवाज बंद. म्हातारा तसाच उभा होता, मूठ आवळून.

आपण पोचलो, हे कळायला जोतिरामला जरा वेळ लागला. मग मात्र त्याची छाती भरून आली. वस्तादांच्या खांद्याला धरून तो अभिमानानं ताठ झाला. बघा म्हणावं आता!

वस्ताद त्याच्याकडं बघत नव्हते. त्याच्या मागं बघत होते.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि हौद्यावरचं धुकं तेवढं सरकलं. जोतिरामनं वळून पाहिलं.

सपाट मातीवर पावलं उठली होती. उजवं… डावं… उजवं… डावं… या काठापासून त्या काठापर्यंत. डाव्या पावलाची पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. उजवं वरवर पडलं होतं आणि डावं खोल रुतलं होतं, सगळा भार त्यानंच वाहिल्यासारखं.

पलीकडच्या काठावर लाकडाचा पाय होता तसा आडवा पडला होता. कुबडी त्याच्या शेजारी होती.

जोतिरामनं खाली पाहिलं. डाव्या गुडघ्याखाली लुंगीचा सोगा वाऱ्यावर नुसता हलत होता. त्याच्या खाली, मातीत, शेवटचं डावं पाऊल. ओल्या मातीतून पाणी झिरपून ते हळूहळू भरत होतं.

टॉवरवरून पडताना तो भ्याला नव्हता. खाली येईपर्यंत त्याला आपण पडतोय हेच पटलं नव्हतं. आत्ता मात्र दातावर दात वाजायला लागले. त्यानं वस्तादांचा खांदा दोन्ही हातांनी गच्च धरला.

“वस्ताद… ही पावलं…”

वस्तादांनी मोकळ्या हातानं त्याला कमरेला आधार दिला.

“खोटं बोललो मी. येतो त्यो. रोज दुपारी येतो. चढायला लागतो.”

“ठाऊक हाय. सर्जेरावाचाबी यायचा.”

जोतिरामच्या डोळ्यांसमोर गेट आलं, शिट्टी आली, वर चाललेला नवा माणूस आला. मोडून पडायला एवढं पुरे होतं, पण तो मोडला नाही. खांद्यावरची पकड जरा सैल करून तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला,

“पण आलो ना मी, वस्ताद? पडलो न्हाय. एकदाबी पडलो न्हाय. लावा की आता माती.”

वस्तादांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. मग त्यांनी दुसरा हात पुढं केला आणि मूठ उघडली. माती बोटांमधून खाली गेली.

“पडला असतास, तर लावली असती.”